मिठाला पुरून उरणारं रीळ

अण्णांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं ड्रेसिंग अजून चालू होतं, तेव्हाच दादानं पुण्याहून फोनवर निकाल देऊन टाकला, "बस्स झालं आता ते मासे पकडणं. सत्तरी आली त्यांची. बाजारात काय मासळी मिळत नाही?"

मिळते की! रेवदंड्याच्या बाजारात तर छान मिळते. पण आमच्या घरातला प्रश्न मासळीचा नव्हताच.

अण्णा ठाण्याच्या एका कारखान्यात ३४ वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर ते आणि आई रेवदंड्याजवळच्या आमच्या गावी राहायला गेले. पहिले सहा महिने अण्णा ओटीवर बसून एकच वर्तमानपत्र तीनदा वाचायचे. आई फोनवर हळूच सांगायची, "अगं, यांना भिंतीकडे बघत बसायची सवय लागलीय." मग शेजारचे नाखवा एकदा त्यांना कुंडलिका खाडीच्या मुखाशी घेऊन गेले, हातात तंगूसाची दोरी दिली आणि म्हणाले, "बसा." त्या दिवसापासून अण्णांचं घड्याळ भरती-ओहोटीवर चालू लागलं. जाऊन-येऊन चार किलोमीटर चालणं, सोबत तीन समवयस्क, त्यांच्या गप्पा, पिशवीत कधी एखादा रावस तर कधी नुसती ओली चप्पल! रक्तातली साखर आटोक्यात आली, चिडचिड कमी झाली. अशा माणसाला 'घरी बसा' म्हणणं मला तरी जमणार नव्हतं.

पण बोटाची गोष्टही खरीच होती. तंगूस, म्हणजे एकाच धाग्याची नायलॉनची दोरी, बोटावरून सरकली की ती सुरीच होते. मे महिन्यात एका संध्याकाळी मोठ्या माशानं झटका दिला आणि दोरी तर्जनीच्या पहिल्या पेरात रुतली. अण्णांनी खाऱ्या पाण्यात बोट बुचकळलं, वर रुमाल बांधला आणि घरी कुणाला सांगितलंच नाही. मधुमेह असलेल्या माणसाच्या जखमेचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. चौथ्या दिवशी बोट वांग्यासारखं झालं. चीर देऊन पू काढावा लागला, सतरा दिवस ड्रेसिंग चाललं. डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन दिवस थांबला असतात तर हाडापर्यंत गेलं असतं." मग मी विचारलं, "मासे पकडायचे नाहीत का त्यांनी?" त्यावर ते हसून म्हणाले, "चालणं मुळीच सोडू नका. दोरी हातात धरून ओढायची मात्र नाही."

आता दोरी हातात धरायची नसेल तर काठी आणि रीळ हवं. आणि तेच तर आमच्या घरात आधीच एकदा येऊन बुडालं होतं.

त्याच्या आदल्या दिवाळीला दादानं अण्णांना एक संच भेट दिला होता. काठी, रीळ, दोरी, गळांची डबी, सगळं मिळून ११०० रुपये. खोकं इतकं देखणं की आई ते फेकायला तयार नव्हती. त्यावर मोठ्या अक्षरात '१३ बेअरिंग' असं छापलेलं. डिसेंबरात रीळ मऊसूत फिरत होतं. फेब्रुवारीत खरखरू लागलं. होळीला हँडल उलटं फिरून अण्णांच्या बोटांच्या मागच्या हाडांवर आपटलं आणि त्या दिवसापासून संच माळ्यावर गेला, अण्णा पुन्हा हातदोरीकडे वळले. म्हणजे ते बोट कापलं, त्याच्या मुळाशी ११०० रुपयांची ती काटकसर होती असं मी म्हटलं, तर दादाला राग येतो. पण हिशेब तसाच आहे.

ड्रेसिंगच्या दिवसांत रिकामपण भरपूर होतं. अण्णांनी माळ्यावरचं रीळ काढायला लावलं आणि डाव्या हातानं, माझ्या मदतीनं ते वर्तमानपत्रावर खोललं. मला त्या दुपारी जेवढं कळलं तेवढं नंतर कुठल्याही दुकानदारानं सांगितलं नाही. तेरांपैकी खऱ्या बॉल बेअरिंग पाचच निघाल्या. बाकीच्या जागी प्लॅस्टिकच्या बुशी होत्या. दात्यांचं चाक मऊ धातूचं, दाते झिजून गोलसर झालेले. ज्या छोट्या चाकावरून दोरी वळून आत येते, तो रोलर मिठानं असा धरला होता की पक्कडीनंही हलेना. न फिरणाऱ्या त्या रोलरवर दोरीनं खाच पाडली होती आणि ती खाच दोरीला करवतत होती. आतल्या स्क्रूंभोवती पांढरी भुकटी. अण्णा भुकटीवर नख फिरवून म्हणाले, "हे पोलाद आणि अॅल्युमिनियमचं भांडण. मध्ये मीठ आलं की अॅल्युमिनियम हरतं."

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आईच्या भाषेत सांगायचं तर तांब्याभर पाण्यात सहा-सात चमचे. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून कोरडं दिसणारं रीळही आतून ओलंच असतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच इथे बेअरिंगच्या पोटात घडतं. नदी-तळ्यावर जे रीळ दहा वर्षं चालेल, ते खाडीवर एका हंगामात बसतं, त्याचं कारण एवढंच.

ज्यांनी हे यंत्र हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रिळाचे दोन मोठे प्रकार. एकात दोरीचा रूळच गरगर फिरतो. गळ फेकताना तो अंगठ्यानं दाबून आवरावा लागतो, नाहीतर दोरीचा असा गुंता होतो की कात्रीशिवाय इलाज नाही. बोट जपायचं असेल तर हा प्रकार आमच्या कामाचा नव्हता. दुसऱ्यात रूळ जागच्या जागी स्थिर असतो. फेकताना दोरी त्याच्या टोकावरून वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटत जाते आणि गुंडाळताना एक तारेची कडी रुळाभोवती फिरून तिला पुन्हा आत घेते. याला स्पिनिंग रीळ म्हणतात. १९०५ साली इंग्लंडात आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी अशा रिळाचं पेटंट घेतलं. हे गृहस्थ ब्रॅडफर्डचे, कापडगिरणीच्या धंद्यातले! ज्यांनी इचलकरंजीत किंवा सोलापुरात धोट्यातली कांडी पाहिली आहे त्यांना ही युक्ती लगेच उमगेल. कांडी फिरत नाही, सूत तिच्या टोकावरून सुटत जातं. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. अण्णांनी हे ऐकलं तेव्हा त्यांचा रिळाकडे बघण्याचा चेहराच बदलला. "म्हणजे आपल्याच खात्यातली वस्तू की!"

होळीला हँडल उलटं का फिरलं, तेही अण्णांनीच दाखवलं. सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, एका दिशेला धरतं आणि दुसऱ्या दिशेला सोडतं. रिळातही तसाच एकमार्गी भाग असतो. मासा ओढतो तेव्हा हँडल मागे फिरू नये, हे त्याचं काम. खोक्यांवर '५+१' असं लिहितात त्यातला तो एक बहुधा हाच. तो घसरला की रीळ धोकादायक होतं. पुढे वाचताना मला गंमत वाटली, ती अशी की जपानच्या शिमानो कंपनीनं १९२१ मध्ये सुरुवात केली ती सायकलच्या फ्रीव्हीलनंच, आणि १९७० मध्ये ती मासेमारीच्या रिळांकडे वळली. अमेरिकेत पेन कंपनी ओटो हेन्झे नावाच्या जर्मन स्थलांतरितानं १९३२ मध्ये फिलाडेल्फियात काढली, ती मात्र पहिल्यापासून समुद्रासाठी रिळं बनवत आली.

ही नावं ऐकून किमतीचा धसका घेऊ नका. यांची साठ-सत्तर हजारांची रिळं आहेत हे खरं, पण त्यांच्याच खालच्या पायरीवरची, मलेशियात किंवा चीनमध्ये बनणारी रिळं मध्यमवर्गीय खिशाला झेपतात. माझा आकडा ठरलेला होता, ४००० रुपये, त्यातही दोरी धरून. दादाला सांगितलं तेव्हा तो पलीकडून ओरडलाच, "चार हजार? तेवढ्यात किती सुरमया येतील हिशेब केलास का?" आई फोनजवळच होती. ती म्हणाली, "त्या एका बोटाला साडेअकरा हजार लागले. त्यात किती आल्या असत्या?" पुढच्या आठवड्यात दादानं निम्मे पैसे पाठवले.

ऑगस्टच्या अखेरीस अण्णा मांडव्याहून लाँचनं मुंबईला आले. मी त्यांना दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या दुकानात घेऊन गेले. बोटावर नवी गुलाबी कातडी आलेली. दुकानातल्या मुलानं माझ्याकडे पाहून सर्वांत चकचकीत रीळ काढलं. "मॅडम, यात १४ बेअरिंग आहेत." अण्णांनी ते हातातही घेतलं नाही. "कमी बेअरिंगवालं दाखवा. पण झाकलेल्या असल्या पाहिजेत," असं म्हणून ते बाकावर बसले आणि पुढचा दीड तास दुकान त्यांचंच होतं.

त्यांनी प्रत्येक रीळ कसं पारखलं ते मी वहीत टिपत होते. आधी हँडल धरून ते पुढे-मागे हलवून पाहत, खेळ किती आहे ते कळावं म्हणून. दुमडणाऱ्या हँडलपेक्षा थेट आट्यांनी आत बसणारं हँडल कमी डुगडुगतं. मग रीळ कानाजवळ धरून सावकाश फिरवायचं. भराभर फिरवलं की वाईट रीळही मऊ वाटतं, खरखर हळू फिरवल्यावरच ऐकू येते. तारेची कडी पन्नासदा उघडली-मिटली. दुकानदार अस्वस्थ होऊ लागला, पण काही बोलला नाही. नंतर खिशातून दोऱ्याचा तुकडा काढून रोलरवरून ओढला. दोऱ्याबरोबर रोलर फिरला पाहिजे, फिरला नाही तर ते रीळ बाजूला. दोन रिळं तिथेच बाद झाली, त्यातलं एक पाच हजारांचं होतं.

आणि ड्रॅग. मराठीत याला चपखल शब्द मला सापडला नाही, पण काम सोपं आहे. मासा जोरात धावला की दोरी तुटण्याआधी रुळानं थोडी थोडी दोरी सोडायची. हे आतल्या चकत्यांच्या घर्षणानं होतं, ब्रेकसारखं. समोरच्या चकतीनं ते घट्ट-सैल करता येतं. खोक्यांवर 'ड्रॅग १० किलो', 'ड्रॅग १२ किलो' असे आकडे मिरवतात. खाडीवर आपण ते कधीच वापरत नाही, कारण दोरी ज्या वजनाला तुटते त्याच्या पाव ते एक तृतीयांशावर ड्रॅग लावायचा असतो. ८ किलोची दोरी असेल तर दोन-अडीच किलो पुरे. बघायचं ते हे, की दोरी ओढली की सुरुवातीला अडून मग झटक्यानं सुटते, की पहिल्या क्षणापासून एकसारखी येते. अडली की दोरी तुटणार. अण्णांना हे मला समजावताना बोट दाखवावं लागलं, कारण मे महिन्यात नेमकं हेच काम त्यांची तर्जनी करत होती. माशाला दोरी सोडणारा ब्रेक म्हणजे त्यांचं बोट होतं! कार्बनच्या चकत्यांचा ड्रॅग फेल्टच्या चकत्यांपेक्षा बरा टिकतो, पण किंमत वाढते. आम्ही पैसे वाढवले ते याच जागी.

अंग कशाचं घ्यावं यावर माझा आणि दुकानदाराचा थोडा वाद झाला. त्याच्या मते अॅल्युमिनियमच हवं, कारण ते ताणाखाली वाकत नाही. ते खरं आहे. मोठ्या माशांच्या मागे होडीतून जाणाऱ्यांनी तेच घ्यावं. पण त्यावरचा रंग एकदा खडकावर खरवडला की मीठ तिथून आत शिरतं. ग्रॅफाइट मिसळलेल्या कडक प्लॅस्टिकचं अंग थोडं लवतं, मात्र गंजत नाही आणि हलकं असतं. सत्तर वर्षांच्या माणसानं भरतीचे चार तास हातात धरायची वस्तू आहे ही. त्यात आमचं लक्ष्य रावस, तांब, शिंगाळा आणि नशीब जोरावर असेल तर जिताडा. आम्ही प्लॅस्टिकचं अंग आणि आतलं दात्यांचं चाक चांगलं, असं घेतलं.

आकाराचे आकडेही गोंधळात टाकतात. १००० पासून २५०० पर्यंतची रिळं नदीसाठी, किनाऱ्यावरून गळ टाकायला ४००० किंवा ५०००, असं ढोबळपणे धरायचं. पण एका कंपनीचं ४००० दुसरीच्या ५००० एवढं असू शकतं, म्हणून आकड्यापेक्षा रुळावर किती जाडीची किती मीटर दोरी मावते ते वाचावं. ०.३५ मिलिमीटरची दीडशे मीटर मावली की खाडीला भरपूर झालं. ५.२:१ असं जे लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हँडलच्या एका फेऱ्यात कडी ५.२ वेळा फिरते. हा आकडा जेवढा मोठा तेवढी दोरी लवकर येते, पण जड माशाला ओढताना हात दुखतो. पाचच्या आसपासचं आम्हाला पुरेसं होतं.

एवढं सगळं ठरल्यावर गाडी अडली ती दोरीवर. दुकानातला मुलगा विणलेली दोरी घ्या म्हणून मागे लागला. ती त्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी बारीक असते, ताणली जात नाही, त्यामुळे माशानं नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं. अण्णांची शंका नेमकी तीच होती. "माझ्या बोटांना मासा कळतो. या यंत्रात मला काय कळणार?" हे ते गेले तीन महिने म्हणत होते आणि मला वाटतं रिळाला त्यांचा खरा विरोध तेवढाच होता. कळणारं बोट काढून घेतलं तर मग उरलं काय, असं काहीसं.

पण विणलेली दोरी बारीक म्हणूनच बोटाला जास्त कापते, आणि गळ फेकताना दोरी एका बोटाच्या टोकावर क्षणभर धरावीच लागते. मी स्पष्ट नाही म्हटलं. मग अण्णांनीच विचारलं, "साधा तंगूस चालतो का यावर?" चालतो! उलट स्वस्त पडतो, थोडा ताणला जाऊन झटका सोसतो आणि रुळावर घसरत नाही. मिठागराच्या वाटेवरच्या टपरीत मिळणारा तंगूस आणि दुकानातल्या डबीतली 'मोनोफिलामेंट' ही एकाच घरची माणसं आहेत, डबीतला थोडा एकसारख्या जाडीचा इतकंच. अण्णांची दोरी तीच राहिली. तिचा एक टोकाचा हात फक्त बदलला.

रीळ ३४५० ला पडलं, दोरी ३८० ला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या लेखाची जाहिरात व्हायला नको आणि तुमच्या गावातल्या दुकानात ज्याचे सुटे भाग मिळतात तेच तुमच्यासाठी चांगलं. ही चौकशी मात्र पैसे देण्याआधी करावी: कडीची स्प्रिंग, रोलर आणि हँडलची मूठ हे तीन भाग पुढच्या वर्षी मिळतील का? ज्या दुकानदारानं "मॅडम, लागणारच नाहीत" असं उत्तर दिलं, त्याच्याकडून आम्ही काहीही घेतलं नाही.

गावी गेल्यावर तयारीला एक रविवार गेला. उजव्या हाताचे लोक बहुतेक काठी उजव्या हातात धरतात आणि डाव्यानं हँडल फिरवतात. तसं केलं तर दोरी पुन्हा त्याच जखमी तर्जनीवर येणार! स्पिनिंग रिळाचं हँडल बाजू बदलून लावता येतं. अण्णांनी ते उजवीकडे लावलं, काठी डाव्या हातात घेतली. डाव्या तर्जनीसाठी आईनं तिच्या जुन्या पर्सच्या चामड्याचं टोपण शिवलं, शिंप्याच्या अंगुस्तानासारखं. दोरी भरताना रुळाच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडली. काठोकाठ भरली तर वेटोळी आपोआप गळतात, फार कमी भरली तर गळ लांब जात नाही. मग अंगणातल्या पेरूला रद्दीवाल्याकडून आणलेला स्प्रिंगचा काटा बांधून ड्रॅग लावला. काट्यावर दोन किलो दिसले की रीळ 'टर्रर्र' करून दोरी सोडत होतं. आई म्हणाली, "चला, बोटाऐवजी हे ओरडेल आता."

पहिले पंधरा दिवस मजेत गेले असं नाही. नाखवा आणि मंडळींनी यथेच्छ चेष्टा केली. डाव्या हातानं फेकलेला गळ कधी पायाशी, कधी मागच्या झुडपात. दोरीला पीळ पडत होता. गळ पाण्यात पडल्यावर हँडल फिरवून कडी मिटण्याऐवजी ती हातानं मिटली आणि दोरी जराशी ताणून घेतली की पीळ बराच कमी होतो, हे त्यांना एका कोळ्याच्या पोरानं शिकवलं. अण्णा आता मासा लागेपर्यंत रिळाच्या पुढची दोरी टोपण घातलेल्या बोटावर हलकी टेकवून बसतात. दोरी थरथरली की बोट काढून घेतात आणि पुढचं काम ड्रॅगवर सोडतात. मी विचारलं, "कळतं का हो काही?" तर म्हणाले, "कापडातून नाडी बघितल्यासारखं कळतं."

नोव्हेंबरात जिताडा लागला. साडेचार किलोचा. मी तिथे नव्हते, पण ही हकिकत मी आता पाच जणांकडून पाच प्रकारे ऐकली आहे. रिळानं तीनदा दोरी सोडली, वीस मिनिटं लागली (नाखवांच्या मते सात), शेवटी जाळं घालून वर घेतला. जिताड्याच्या कल्ल्यांची कड ब्लेडसारखी असते, तिथे कुणीही बोट घातलं नाही. अण्णांनी रात्री फोन केला तो मला नव्हे, दादाला.

आता निगा. महागडं रीळ घेऊन ते न धुणारा माणूस आणि आमच्यासारखं रीळ घेऊन रोज धुणारा माणूस, यांत दुसऱ्याचं रीळ जास्त टिकेल असं मी पैजेवर सांगेन. आमच्याकडे पद्धत अशी आहे. घरी आल्याबरोबर ड्रॅग घट्ट करायचा, म्हणजे चकत्यांत पाणी शिरत नाही. मग तांब्यातलं गोडं पाणी हलक्या हातानं वरून ओतायचं. नळीचा जोराचा फवारा मारला तर मीठ बेअरिंगच्या आत ढकललं जातं. बादलीत बुडवायचं तर मुळीच नाही. झटकून, पुसून, सावलीत वाळवायचं आणि वाळल्यावर ड्रॅग पुन्हा सैल करून ठेवायचा, म्हणजे चकत्या चेपून राहत नाहीत. आठवड्यातून एकदा रोलरवर, कडीच्या सांध्यांवर आणि मुठीपाशी शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. गंज सोडवायचा फवारा मिळतो तो वंगण म्हणून वापरायचा नाही, तो उलट आतलं ग्रीस धुऊन काढतो. रीळ वाळूवर ठेवायचं नाही. हा शेवटचा नियम अण्णांनी घरच्या दोन नातवंडांना घातला आहे आणि मोडणाऱ्याला त्या दिवशी खाडीवर नेत नाहीत.

धुण्याचं काम हळूहळू आईकडे आलं. आधी ती म्हणायची, "मासे तुमचे, भांडी माझी, आता हेही माझंच का?" हल्ली अण्णा उशिरा आले तर तीच तांब्या भरून पायरीवर ठेवते आणि बोटांकडे आधी बघते, पिशवीकडे नंतर.

या पावसाळ्यात अण्णांनी रीळ पूर्ण उघडलं, जुनं ग्रीस पुसून नवं भरलं. आत पांढरी भुकटी कुठेच नव्हती. रोलरची बेअरिंग मात्र किंचित खरखरते आहे. दुकानदाराला फोन केला, भाग १६० रुपयांना आहे आणि नारळी पौर्णिमेच्या आत मागवून देतो म्हणाला.